पिकअप, उच्च प्रदानाचा

विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांचे विद्युत् संकेतात रूपांतर करणाऱ्या साधनास पिकअप म्हणतात. ज्या पिकअपपासून मिळणारा विद्युत् दाब नेहमीच्या पिकअपपेक्षा बराच अधिक असतो त्यास उच्च प्रदानाचा पिकअप म्हणतात. हेवी मेटल या संगीतप्रकाराच्या वादकांत अशा पिकअपना मोठी मागणी असते. तथापि ‘प्रदान जितके अधिक तितका पिकअप या संगीतास अधिक योग्य’ हा रूढ समज पूर्णांशाने खरा नाही. तो ज्या काळात रुजला त्या काळातील विवर्धक म्हणजे ॲम्प्लिफायर आजच्या मानाने दुबळे होते. विवर्धक पुढे गेले. समज मात्र मागेच राहिला. त्यामुळे निवड करताना प्रदानाचा आकडा पाहण्यापूर्वी तो आकडा नेमके काय सांगतो हे पाहणे आवश्यक ठरते.

कार्यतत्त्व : पिकअपचे कार्य मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये शोधून काढलेल्या विद्युत् चुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर चालते. स्थायी चुंबकाशी निगडित असलेल्या गाभ्याभोवती, एनॅमलचा लेप दिलेल्या आणि केसाइतक्या बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. या वेटोळ्यावरून जाणारी गिटारची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःही किंचित चुंबकित होते. ती छेडली असता वेटोळ्यातून जाणारा चुंबकीय स्रोत तिच्या कंपनांबरोबर कमीजास्त होतो व वेटोळ्यात त्याच कंप्रतेचा, म्हणजे दर सेकंदास तितक्याच वेळा दिशा बदलणारा, विद्युत् दाब निर्माण होतो. हा दाब मिलिव्होल्टमध्ये मोजण्याइतका अल्प असल्याने तो विवर्धकाकडे व तेथून ध्वनिक्षेपकाकडे न्यावा लागतो. तार चुंबकीय द्रव्याची असणे ही यातील मूलभूत अट आहे. नायलॉनच्या तारा लावलेल्या गिटारवर असा पिकअप मुकाच राहतो. अमेरिकेतील जॉर्ज बोशँप यांना नालाच्या आकाराचे चुंबक वापरून केलेल्या अशा वाद्याचे एकस्व १९३७ मध्ये मिळाले. त्यांची गिटार त्याआधीच काही वर्षे रिकनबॅकर या नावाने बाजारात आली होती.

प्रदान किती मिळेल हे मुख्यतः वेढ्यांची संख्या, चुंबकाचे बल, तार व पिकअप यांमधील अंतर आणि तारेच्या कंपनाचा विस्तार यांवर अवलंबून असते. यांतील शेवटची गोष्ट पिकअपच्या जागेशी निगडित आहे. तार घोडीवर म्हणजे ब्रिजवर टेकलेली असल्याने तेथे तिची हालचाल थोडी, तर दांडीच्या बाजूला पुष्कळ असते. म्हणून घोडीलगतच्या पिकअपला अधिक वेढे देण्याची प्रथा आहे. घोडीजवळ मूळ स्वर क्षीण होऊन वरचे उपस्वर तुलनेने ठळकपणे पकडले जातात. हेवी मेटलचे जवळजवळ सर्व तालवादन याच जागेवरील पिकअपवर होते आणि प्रस्तुत नोंदीतील विवेचनही प्रामुख्याने त्यालाच उद्देशून आहे.

एकाच वेटोळ्याचा पिकअप तारेच्या कंपनांबरोबर आसपासच्या वीजवाहक तारांचे व रोहित्रांचे चुंबकीय क्षेत्रही टिपतो. भारतात वीजपुरवठ्याची कंप्रता ५० हर्ट्‌झ असल्याने ५० हर्ट्‌झ व तिच्या पटीतील गुंजन ऐकू येते. अमेरिकेत ते ६० हर्ट्‌झचे असते. गिब्सन कंपनीतील अभियंते सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये एकस्वासाठी सादर केलेल्या हंबकर या पिकअपने ही अडचण दूर केली. त्यात दोन वेटोळी शेजारी शेजारी असतात. त्यांचे चुंबकीय ध्रुव परस्परविरुद्ध व विद्युत् जोडणीही परस्परविरुद्ध असते. परिणामी तारेपासून आलेल्या संकेतांची बेरीज होते, तर बाहेरून आलेले गुंजन दोन वेटोळ्यांत विरुद्ध दिशांनी येऊन वजा होते. १९५७ पासून हे पिकअप गिब्सनच्या गिटारींवर बसू लागले आणि १९५९ मध्ये एकस्व मंजूर झाले. तोवरच्या पिकअपच्या तळाशी ‘एकस्व मागितले आहे’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्या आद्याक्षरांवरून रूढ झालेले ‘पीएएफ’ हे नाव आजही मध्यम प्रदानाच्या हंबकरचे मानक म्हणून वापरले जाते. हेवी मेटलमध्ये संकेत हजारो पटींनी वाढवला जात असल्याने त्यातील गुंजनही तितक्याच पटींनी वाढते. म्हणून या संगीतातील पिकअप बहुतेक हंबकरच असतात.

विरूपण व त्याची नादनिर्मिती : विवर्धकाला त्याच्या कुवतीपेक्षा मोठा संकेत दिला, की संकेताच्या लाटांचे माथे कापले जातात. ध्वनिमुद्रणात दोष मानले जाणारे हे विरूपण म्हणजे डिस्टॉर्शन विद्युत् गिटारच्या वादकांनी मात्र नादाचे साधन म्हणून स्वीकारले. माथे कापले गेल्याने मुळात नसलेले किंवा क्षीण असलेले उपस्वर भरघोस उमटतात आणि तार विझत आली तरी आवाज लवकर उतरत नाही. तंबोऱ्याची जवारी काढताना घोडीवर तार विशिष्ट तऱ्हेने घासू देऊन उपस्वरांची जी समृद्धी साधतात तिच्याशी याचे दूरचे साम्य आहे. फरक असा, की जवारी प्रत्येक तारेवर स्वतंत्रपणे काम करते, तर विवर्धक सर्व तारांचे संकेत एकत्र घेऊन कापतो. त्यामुळे दोन स्वर एकाच वेळी वाजवले असता त्यांच्या कंप्रतांच्या बेरजा व वजाबाक्या असलेले नवे स्वरही निर्माण होतात.

हेवी मेटलचे व्याकरण बऱ्याच अंशी याच गोष्टीतून घडले आहे. या संगीतात ‘पॉवर कॉर्ड’ या नावाने सर्रास वापरला जाणारा स्वरसमूह म्हणजे आपला षड्‌ज-पंचम संवाद होय. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा ८२·४ हर्ट्‌झचा स्वर व त्याचा पंचम यांतील वजाबाकी सुमारे ४१ हर्ट्‌झ, म्हणजे षड्‌जाच्या बरोबर एक सप्तक खाली येते. अशा रीतीने गिटारवर नसलेला खर्ज विरूपणातून आपोआप लाभतो. षड्‌जासोबत गांधार वाजवला तर असे होत नाही. गिटारवरील पडद्यांची योजना समविभागी सप्तकाची असल्याने तिच्यातील गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा चढा असतो. त्याच्यापासून निघणारा वजाबाकीचा स्वर जागेवर न बसता बराच चढतो व नाद खडबडीत होतो. पंचमातील तफावत नगण्य असल्याने तो विरूपणातही स्वच्छ राहतो.

मात्र याच प्रक्रियेत एक धोका दडलेला आहे. खालच्या कंप्रतांच्या लाटा मोठ्या असल्याने विवर्धकाची कुवत त्यांनीच आधी व्यापली जाते आणि वरच्या, लहान लाटा त्यांच्या माथ्यांबरोबर कापल्या जातात. तळहाताची कड घोडीजवळ तारांवर टेकवून भरभर वाजवलेल्या तुकड्यांत प्रत्येक आघात सुटा ऐकू येणे हा हेवी मेटलच्या तालवादनाचा प्राण आहे. विवर्धकात शिरणाऱ्या संकेतात खालच्या कंप्रतांचा भरणा अधिक असेल, तर हे आघात एकमेकांत मिसळून नुसता घोगरा लोंढा ऐकू येतो. म्हणून पिकअपने संकेत किती दिला यापेक्षा कोणत्या कंप्रता किती प्रमाणात दिल्या हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

ऐतिहासिक आढावा : या संगीताचा आरंभ उच्च प्रदानाच्या पिकअपने झाला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सबाथ या वाद्यवृंदाचा पहिला संग्रह १९७० मध्ये निघाला. त्यातील गिटारवादक टोनी आयोमी यांच्या गिब्सन एसजी गिटारवर पी-९० या नावाचा एका वेटोळ्याचा पिकअप होता. पिकअप व विवर्धक यांच्यामध्ये त्यांनी वरच्या कंप्रता वाढवणारे एक छोटे उपकरण जोडले होते. ते संकेत वाढवी, पण खर्जाला मागे ठेवी. कारखान्यातील अपघातात बोटांची टोके गमावलेल्या आयोमी यांनी पुढे तारा सैल करून वाजवण्यास प्रारंभ केला. १९७१ मधील मास्टर ऑफ रिॲलिटी या संग्रहात काही रचनांसाठी सर्व तारा दीड स्वराने उतरवलेल्या आहेत. खाली उतरवलेल्या तारा व पुढ्यात छाटलेला खर्ज ही जोडी तेव्हापासून या संगीतात टिकून आहे. १९७९ च्या सुमारास आलेल्या ट्यूब स्क्रीमर या उपकरणाचा हेवी मेटलमधील उपयोगही मुख्यतः खर्ज छाटण्यासाठीच होतो.

त्या काळातील विवर्धकांना विरूपणाच्या टोकापर्यंत नेण्यासाठी ते जवळजवळ पूर्ण आवाजात चालवावे लागत. आवाज बेताचा ठेवून विरूपण वाढवता येईल अशी स्वतंत्र नियंत्रणाची सोय मार्शल कंपनीच्या विवर्धकांत १९७५ मध्ये आली. अशा परिस्थितीत पिकअपनेच अधिक दाब पुरवला, तर विवर्धकाचे काम हलके होणार हे उघड होते. न्यूयॉर्कमधील लॅरी दिमार्झिओ यांनी १९७२ मध्ये ‘सुपर डिस्टॉर्शन’ हा पिकअप तयार केला. नेहमीच्या ॲल्निकोऐवजी अधिक बलवान असा सिरॅमिक चुंबक आणि अधिक वेढे ही त्याची वैशिष्ट्ये होत. गिटारवर मूळचा बसवलेला पिकअप काढून दुसरा विकत आणून बसवावा ही कल्पनाच त्यामुळे लोकप्रिय झाली. सीमोर डंकन यांनी पुढे याच दशकात कॅलिफोर्नियात स्वतःचा व्यवसाय उभारला. त्यांचे ‘जेबी’, ‘डिस्टॉर्शन’ व ‘इन्व्हेडर’ हे पिकअप सुपर डिस्टॉर्शनप्रमाणेच दीर्घकाळ प्रचारात राहिले. पॅन्टेरा या वाद्यवृंदाचे डॅरेल ॲबट यांनी बिल लॉरेन्स यांचा एल-५०० एक्सएल हा पिकअप वापरला. त्यात प्रत्येक तारेखाली स्वतंत्र खिळ्याऐवजी सलग पोलादी पात्या असल्याने तार बाजूला ताणली तरी आवाज खचत नाही.

विवर्धकांची प्रगती यानंतर थांबली नाही. पूर्वविवर्धनाचे टप्पे एकापुढे एक जोडण्याची पद्धत रूढ झाली. १९९२ मध्ये आलेल्या पेव्ही कंपनीच्या ५१५० सारख्या विवर्धकात तर जुन्या मध्यम प्रदानाच्या पिकअपनेही हवे त्याहून अधिक विरूपण मिळू लागले. मध्यम व उच्च प्रदानाच्या पिकअपांतील फरक साधारणपणे दुपटीच्या आसपास असतो. अशा विवर्धकावरील एका खुंटीच्या थोड्याशा फिरवण्याने तो भरून निघतो. ज्या उणिवेसाठी उच्च प्रदानाचा पिकअप जन्मास आला ती उणीव अशा रीतीने बव्हंशी नाहीशी झाली आहे. आता त्याची निवड करायची ती विशिष्ट नादगुणासाठी. केवळ बळासाठी नव्हे.

रोधाचा आकडा : विक्रेते पिकअपचे वर्णन करताना एकदिश प्रवाहास होणारा त्याचा रोध किलोओहममध्ये देतात. पीएएफ जातीच्या पिकअपचा रोध ७·५ ते ८·५ च्या आसपास, सुपर डिस्टॉर्शनचा १३ ते १४, तर जेबीचा १६ ते १७ किलोओहम असतो. या आकड्यांवरून प्रदानाची प्रतवारी लावण्याची सवय सर्वत्र आढळते, पण ती फसवी आहे. रोध हा तारेच्या लांबीवर व जाडीवर अवलंबून असतो. चुंबकाबद्दल तो काहीच सांगत नाही. अमेरिकी मापाच्या ४२ क्रमांकाच्या तारेचा व्यास सुमारे ०·०६३ मिमी. व ४४ क्रमांकाच्या तारेचा सुमारे ०·०५० मिमी. असतो. ४२ क्रमांकाच्या तारेचे जितके वेढे असतील तितकेच ४४ क्रमांकाच्या तारेचे दिले, तर रोध दीडपटीहून अधिक भरतो. प्रदानात मात्र उल्लेखनीय फरक पडत नाही. केवळ आकडा पाहणारा ग्राहक दुसऱ्या पिकअपला जबरदस्त समजून घरी नेईल.

याहून गमतीची गोष्ट तापमानाची आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०·४ टक्का वाढतो. २० अंशांना ८ किलोओहम असलेला पिकअप नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी, ४५ अंशांना, सुमारे ८·८ किलोओहम दाखवील. आकड्यावर विसंबणाऱ्याच्या हिशेबी तो वेगळ्याच प्रतीचा पिकअप झाला. कानाला मात्र काडीचाही फरक कळणार नाही. रोध मोजण्याचा खरा उपयोग एवढाच, की वेटोळे तुटलेले आहे किंवा काय हे त्यावरून समजते.

नादगुण ठरवणारी राशी म्हणजे वेटोळ्याचे स्वप्रवर्तन. ते हेन्री या एककात मोजतात. वेढे वाढवले, की प्रदान वेढ्यांच्या प्रमाणात वाढते, पण स्वप्रवर्तन साधारणतः वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेटोळ्याचे स्वप्रवर्तन आणि वेटोळे व जोडतार यांची मिळून होणारी विद्युत् धारकता यांमुळे एका विशिष्ट कंप्रतेस अनुस्पंदन होते. त्या कंप्रतेच्या आसपासचे उपस्वर उठून दिसतात व त्यावरचे झपाट्याने क्षीण होतात. वादकाची पाच मीटरची जोडतार व वेटोळे यांची धारकता ६०० पिकोफॅराड धरली, तर सुमारे २·३ हेन्रीच्या एका वेटोळ्याच्या पिकअपचे अनुस्पंदन ४,३०० हर्ट्‌झच्या आसपास, ४·४ हेन्रीच्या पीएएफ जातीच्या हंबकरचे ३,१०० च्या आसपास आणि ८ हेन्रीच्या उच्च प्रदानाच्या हंबकरचे २,३०० हर्ट्‌झच्या आसपास येते. नखीचा तारेवरील आघात, त्याची धार व करकर ही बरीचशी २,५०० ते ५,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते. म्हणजे वेढे वाढवून बळ मिळवताना आपण आघाताची धार गमावत असतो. हा व्यवहार काही वेळा फायद्याचा असतो. एकल वादनात, उंच सुरांच्या पट्टीत, धार किंचित बोथट झाल्याने आवाज भरदार व गोल होतो आणि तारेचा सूर लांबतो. जेबीची कीर्ती मुख्यतः अशा वादनामुळेच आहे. खालच्या तारांवरील जलद तालवादनात मात्र हाच व्यवहार तोट्याचा ठरतो.

जोडतारेचा येथे आलेला उल्लेख सहज केलेला नाही. बहुतेक जोडतारांची धारकता दर मीटरला १०० पिकोफॅराडच्या आसपास असते. दहा मीटरची स्वस्त तार जोडणारा वादक उत्तम पिकअपचे अनुस्पंदन स्वतःच खाली ओढत असतो व दोष पिकअपला देत असतो. आवाज नियंत्रित करणाऱ्या चलरोधकाचेही तसेच आहे. हंबकरसाठी ५०० किलोओहमचा चलरोधक योग्य मानतात. तेथे २५० किलोओहमचा बसवला, तर अनुस्पंदनाचा उठाव दबतो. नवा पिकअप घेण्यापूर्वी या दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. त्यांना खर्च अगदी थोडा येतो.

चुंबक : ॲल्निको हे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट व लोह यांचे संमिश्र आहे. पिकअपसाठी त्याचे २ व ५ या क्रमांकांचे प्रकार विशेष वापरले जातात. त्यांपैकी ५ क्रमांकाचा अधिक बलवान आहे. सिरॅमिक चुंबक फेराइटचे असून त्यांपासून तेवढ्याच जागेत अधिक बळ मिळवता येते. जेबी व डिस्टॉर्शन या सीमोर डंकन यांच्या दोन पिकअपचे रोध जवळजवळ सारखे आहेत. जेबीत ॲल्निको-५ व डिस्टॉर्शनमध्ये सिरॅमिक चुंबक आहे. तरीही जाणकार कान त्यांचा भेद चटकन ओळखतो. डिस्टॉर्शनचा खर्ज घट्ट व आघात टणक वाटतो, तर जेबीत मध्यसप्तकाचा भाग पुढे येतो. सिरॅमिक म्हणजे कर्कश व ॲल्निको म्हणजे मधुर असे सरसकट विधान मात्र करता येत नाही, कारण अधिक बलवान चुंबक वापरल्यास तेच प्रदान कमी वेढ्यांत मिळवता येते आणि मग धार टिकते. प्रस्तुत लेखकाच्या मते जड तालवादनासाठी बलवान चुंबक व बेताचे वेढे हा मार्ग दुबळा चुंबक व बेसुमार वेढे यांपेक्षा नेहमीच श्रेयस्कर आहे.

सक्रिय पिकअप : वेटोळ्यास थोडेच वेढे देऊन त्याचा क्षीण संकेत पिकअपच्या आतच बसवलेल्या इलेक्ट्रॉनीय पूर्वविवर्धकाने वाढवण्याची युक्ती रॉब टर्नर यांनी १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या व पुढे ईएमजी या नावाने प्रसिद्ध झालेल्या उद्योगाने यशस्वी केली. यासाठी गिटारच्या पोटात ९ व्होल्टची विद्युत् घटमाला ठेवावी लागते. पूर्वविवर्धक मध्ये असल्याने जोडतारेच्या धारकतेचा वेटोळ्यावर परिणाम होत नाही व गुंजनही फारच कमी राहते. सिरॅमिक चुंबकाचा ‘८१’ हा त्यांचा पिकअप मेटॅलिका या वाद्यवृंदाचे जेम्स हेटफील्ड व कर्क हॅमेट यांच्यामुळे १९८० नंतरच्या दशकापासून या संगीताचा जणू मानदंड बनला. त्याचा आवाज घट्ट, थंड व एकसारखा असतो. हलका व जोरकस आघात यांतील अंतर त्यात कमी होते, अशी त्याच्याविरुद्धची तक्रार आहे. जलद तालवादनाला हाच गुण उपकारक ठरतो, पण संथ व भावदर्शी वादन करणाऱ्यास तो रुचेलच असे नाही. सक्रिय पिकअपसाठी २५ किलोओहमचे चलरोधक लागतात. नेहमीचे ५०० किलोओहमचे तसेच ठेवल्यास आवाजाचे नियंत्रण हळूहळू न होता एकदम उघडझाप करते. फिशमन कंपनीने २०१४ मध्ये आणलेल्या ‘फ्लुअन्स’ या पिकअपमध्ये तार गुंडाळण्याऐवजी मुद्रित मंडलाच्या चकत्या एकावर एक रचून वेटोळे बनवले आहे. त्यामुळे प्रत्येक नग दुसऱ्यासारखा निघतो; हाताने गुंडाळलेल्या वेटोळ्यांत ही खात्री देता येत नाही.

निवड : तारा कोणत्या स्वरात लावावयाच्या आहेत हा विचार प्रथम केला पाहिजे. नेहमीच्या लावणीत किंवा अर्ध्या स्वराने उतरवून वाजवणाऱ्यास आणि एकल वादनाची आवड असणाऱ्यास १३ ते १७ किलोओहमच्या जुन्या नामांकित पिकअपांपैकी कोणताही बहुधा निराश करणार नाही. लावणी जसजशी खाली जाते तसतसे प्रदान कमी करत जावे, हा नियम प्रथमदर्शनी उलटा वाटतो. सात तारांच्या गिटारची सर्वांत खालची तार ६१·७ व आठ तारांच्या गिटारची ४६·२ हर्ट्‌झवर लावलेली असते. इतक्या जाड व सैल तारा मुळातच मोठी हालचाल करत असल्याने संकेताची उणीव तेथे कधीच नसते. उणीव असते ती स्पष्टतेची. तेथे मध्यम प्रदानाचा, सिरॅमिक चुंबकाचा व कमी स्वप्रवर्तनाचा किंवा सक्रिय पिकअप घ्यावा. गिटारच्या लाकडाचा प्रभाव पिकअप, तारा व विवर्धक यांच्या मानाने गौण आहे आणि विक्रेत्यांनी त्याची थोरवी वाढवून सांगितली आहे, असे म्हणावे लागते.

पिकअप बदलण्याआधी त्याची उंची बदलून पाहावी. शेवटच्या पडद्यावर तार दाबून तिच्यापासून पिकअपचे अंतर २ ते ३ मिमी. ठेवून सुरुवात करावी. खर्जाच्या बाजूस थोडे अधिक ठेवावे. बहुतेक वादक अधिक जोर मिळावा म्हणून पिकअप तारांना भिडवून ठेवतात. तसे केल्याने बलवान चुंबक तारेला ओढू लागतो, तिचे कंपन लवकर विझते व काही वेळा एकाच तारेतून दोन जवळजवळचे बेसूर ऐकू येतात. विकावयास काढलेल्या कितीतरी पिकअपांचा खरा दोष पेचकसाच्या चार-पाच फेऱ्यांत दूर होण्याजोगा असतो.

तीव्र विवर्धनात आणखी एक उपद्रव संभवतो. वेटोळ्यातील वेढे सैल असतील, तर ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने ते स्वतःच थरथरू लागतात आणि बोट तारेवर नसतानाही किंचाळल्यासारखी शिट्टी सुरू होते. तारेच्या कंपनातून उद्भवणारा व वादकाला हवासा वाटणारा फीडबॅक यापासून निराळा होय. उपाय म्हणून वेटोळे वितळलेल्या मेणात बुडवून त्यातील पोकळ्या भरून काढतात. एडी व्हॅन हेलन यांनी १९७८ मधील आपल्या पहिल्या संग्रहात वाजवलेल्या गिटारवरील जुना गिब्सन हंबकर घरीच असा मेणात बुडवला होता. मेण बेतापेक्षा तापले, तर वेटोळ्याचा प्लॅस्टिकचा साचा वाकडा होतो, म्हणून नवख्याने हा प्रयोग मौल्यवान पिकअपवर करू नये. आज विकले जाणारे उच्च प्रदानाचे पिकअप बहुतेक मेण भरूनच येतात.

भारतात : मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवातून विद्युत् गिटारच्या जड वादनाला येथे श्रोते लाभले. पुढे २००० मध्ये स्थापन झालेल्या डेमॉनिक रेझरेक्शनसारख्या मुंबईच्या वाद्यवृंदांनी हेवी मेटलच्या स्वतंत्र रचना केल्या. येथील वादकाला भेडसावणारा गुंजनाचा प्रश्न मात्र पुष्कळदा पिकअपचा नसतो. सभागृहातील वीजजोडणीस नीट अर्थिंग नसेल किंवा गिटारच्या घोडीची तार आतल्या बाजूस तुटलेली असेल, तर हंबकर असूनही गुंजन ऐकू येते, कारण हंबकर केवळ चुंबकीय क्षेत्रातून आलेले गुंजन वजा करतो. तारांना हात लावताच आवाज कमी होत असेल, तर दोष बहुधा आच्छादनाचा किंवा अर्थिंगचा समजावा. हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वादन तत्काळ थांबवून विवर्धक बंद करावा व वीजजोडणी जाणकाराकडून तपासून घ्यावी.